वऱ्हाडचा कापूस आणि पेशीविभाजनाचा धडा

वऱ्हाडच्या कापसाचा इतिहास आजवर पुष्कळांनी सांगितला आहे. त्यात आगगाडी आहे, मँचेस्टरच्या गिरण्या आहेत, सावकाराची वही आहे, जिनाचा भोंगा आहे. हा इतिहास खरा आहे, आणि कामगारांच्या संघटनेत हयात घालविलेल्या आमच्यासारख्या माणसाने तोच पुन्हा सांगितला असता तर कोणास नवल वाटले नसते. परंतु याच कापसाचा आणखी एक इतिहास आहे. तो बाजारात किंवा कचेरीत घडला नाही. तो पऱ्हाटीच्या फुलात आणि बोंडातल्या सरकीत घडला. डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी दुभंगताना जे घडते त्यावर आमच्या मजुरांची मजुरी आणि शेतकऱ्यांचे कर्ज किती अवलंबून आहे, हे ध्यानात आल्यापासून आम्ही या विषयाची पुस्तके जमतील तशी वाचीत आलो. शाळेने आम्हांस फार शिकविले नाही. जे काही शिकलो ते जिनाच्या आवारात आणि गावोगावच्या वाचनालयांत.

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या हिवरखेडसारख्या गावी अकरावी-बारावीच्या विज्ञानशाखेत शिकणाऱ्या मुलामुलींना पेशीविभाजन आणि आनुवंशिकता असे दोन धडे असतात. त्याच मुलांच्या घरी दर मृगाला सरकीच्या पाकिटांसाठी पैशाची जुळवाजुळव चाललेली असते. शाळेतला धडा आणि घरातली जुळवाजुळव या दोन गोष्टी वस्तुतः एकच आहेत. तेवढे एक दाखवावे, यासाठीच हा सारा प्रपंच आहे.

प्रथम मागची हकीकत पाहू. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मँचेस्टरची दृष्टी आमच्या काळ्या जमिनीकडे वळली. १८६७ साली आगगाडी नागपूरपर्यंत पोहोचली. व्यापाऱ्याला कापूस पुष्कळ हवा होता आणि लवकर हवा होता. जुनी बनी जात लांब धाग्याची खरी, पण तिचा रुईचा उतारा कमी. आखूड धाग्याच्या जातींचा उतारा जास्त. बाजारात भाव वजनावर ठरे, धाग्याच्या लांबीचा योग्य मोबदला शेतकऱ्याच्या पदरात क्वचितच पडे. तेव्हा शेतकऱ्याने आखूड धाग्याचा कापूस लावला यात त्याचा अडाणीपणा नव्हता. तो बाजाराचा हिशेब होता.

जिनांनी यात दुसरी भर घातली. जिनात काम केलेल्या कोणासही हे सांगावे लागणार नाही की, रेच्यावर सकाळी एका गावचा कापूस चढतो आणि दुपारी दुसऱ्या गावचा. रुई वेगळी होते, पण खाली पडणारी सरकी एकाच ढिगात जाते. पूर्वी हीच सरकी बी म्हणून परत शेतात जाई. अशा रीतीने पिढ्यान्‌पिढ्या निवडून राखलेल्या जाती दहा-वीस वर्षांत एकमेकींत मिसळून गेल्या. ही भेसळ सरकारच्या नजरेस आली तेव्हा १९२३ साली कापसाच्या वाहतुकीचा आणि १९२५ साली जिन-प्रेस कारखान्यांचा कायदा झाला. त्यापूर्वीच, १९२१ साली, कापसासाठी एक मध्यवर्ती समिती स्थापन झाली होती. पुढे शेतीखात्याच्या मळ्यांवर एकेक झाड निवडून, त्याचे बी वेगळे राखून जाती शुद्ध करण्याचे काम चालले. व्हेरम २६२, बुरी १०७ ही नावे जुन्या शेतकऱ्यांच्या तोंडी पुष्कळ काळ राहिली ती याच खटपटीची फळे होत.

शेतकरी निवड पूर्वीपासून करीतच होता. चांगल्या झाडाची बोंडे वेगळी वेचून ठेवण्याची चाल फार जुनी. पण चांगल्या झाडाच्या बियांतून कधी चांगले तर कधी वाईट झाड का निघते, याचा उलगडा त्याला नव्हता, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातल्या पंडितांनाही नव्हता. तो उलगडा दोन वेगळ्या वाटांनी झाला.

पहिली वाट बागेतून गेली. ब्रनो येथील मठात राहणाऱ्या ग्रेगोर मेंडेल याने वाटाण्याचे संकर करून त्यांची संतती मोजली. मोजली, हे महत्त्वाचे. गोल दाण्याच्या आणि सुरकुतलेल्या दाण्याच्या वाटाण्यांचा संकर केला तेव्हा पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल निघाले. पण त्या पिढीच्या पोटी आलेल्या ७,३२४ दाण्यांत ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले भरले. म्हणजे तिनास एक. सुरकुती नाहीशी झाली नव्हती, ती दडून बसली होती. मेंडेलने हे १८६५ साली सभेपुढे वाचले, १८६६ साली छापले, आणि त्यानंतर चौतीस वर्षे त्याकडे जवळजवळ कोणी लक्ष दिले नाही. १९०० साली तिघा शास्त्रज्ञांना हेच नियम स्वतंत्रपणे आढळले तेव्हा मेंडेलचे नाव वर आले. तो तर १८८४ सालीच वारला होता.

दुसरी वाट सूक्ष्मदर्शकातून गेली. जर्मनीतील वाल्थर फ्लेमिंग याने पेशींना रंग देऊन त्या दुभंगताना पाहिल्या आणि १८८२ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पेशीच्या केंद्रकात रंग धरणारे दोरे असतात, विभाजनापूर्वी प्रत्येक दोऱ्याची दुसरी प्रत तयार होते, आणि मग दोन प्रती दोन बाजूंस ओढल्या जातात, असे त्यातून दिसून आले. या दोऱ्यांना आपण गुणसूत्रे म्हणतो. कांद्याच्या पेशीत ती १६ असतात. मुळाच्या टोकाशी एका पेशीच्या दोन होतात तेव्हा दोहींत १६ च येतात. हे सूत्री विभाजन. कुलकर्ण्याने एका वहीची हुबेहूब नक्कल करून दोन वह्या दोन घरी द्याव्यात, तसा हा प्रकार आहे.

परंतु बी तयार होण्यासाठी नराचा व मादीचा अंश एकत्र यावा लागतो. दोन्हींत १६-१६ असती तर पुढच्या पिढीत ३२, त्यापुढे ६४ अशी वाढ होत गेली असती. तसे होत नाही. कारण पराग आणि बीजांड तयार होताना गुणसूत्रांची संख्या निम्मी होते. हे अर्धसूत्री विभाजन. याला आम्ही भाऊवाटणी म्हणतो, आणि शेतकरी श्रोत्यांना ती उपमा चटकन पटते. आईकडून आलेले एक आणि बापाकडून आलेले एक, अशा जोड्या समोरासमोर येतात. त्या वेळी आपसांत थोडी तुकड्यांची अदलाबदलही करतात. आणि मग प्रत्येक जोडीतले एक इकडे, एक तिकडे. कोणते कोणाकडे जाईल ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे. विहीर एकाकडे, बैलजोडी दुसऱ्याकडे. पण हिस्सा दोघांचाही पुरा. कॅन्सस प्रांतात रानावर वाढलेला वॉल्टर सटन हा तरुण १९०२-०३ साली टोळाच्या पेशी न्याहाळीत असता त्याच्या ध्यानात आले की, गुणसूत्रांची ही वाटणी आणि मेंडेलचा तिनास एक हा हिशेब एकमेकांशी जुळतात. बागेतली वाट आणि सूक्ष्मदर्शकातली वाट येथे येऊन मिळाली.

आता पऱ्हाटीकडे येऊ. आपल्या देशी कापसाच्या पेशीत २६ गुणसूत्रे असतात, म्हणजे १३ जोड्या. चिठ्ठ्या नुसत्या तेरा वेळा टाकल्या तरी ८,१९२ प्रकारच्या वाटण्या संभवतात; अदलाबदलीचा हिशेब वेगळाच. अमेरिकन कापसाच्या पेशीत मात्र ५२ असतात. देशी झाड कणखर, कमी पाण्यावर तगणारे. अमेरिकन झाडाचा धागा लांब. दोहोंचे गुण एकत्र आणावेत अशी इच्छा कापूस सुधारणाऱ्या प्रत्येकाला झाली. परंतु हा संकर मोठ्या मुश्किलीने साधतो, आणि साधला तरी झाड वांझ निघते. कारण वाटणीत आहे. देशीकडून १३ आणि अमेरिकनकडून २६ मिळून ३९ होतात. अमेरिकन कापसाच्या २६ पैकी १३ आपल्या देशी कापसाच्या गोत्रातली आहेत. ती देशीच्या १३ बरोबर जोडी करतात. उरलेल्या १३ ना जोडीदारच नाही. वाटणीच्या वेळी ती कशीही इकडेतिकडे पडतात आणि पराग निकामी होतो.

अमेरिकन कापसात आशियाई गोत्राची गुणसूत्रे कोठून आली? १९३७ साली असे दिसून आले की, कोल्चिसिन नावाच्या द्रव्याने पेशीतील दोऱ्या ओढणारी यंत्रणा बंद पडते. गुणसूत्रे दुप्पट होतात, पण पेशी दुभंगत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात कुंपणावर लालपिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी विषारी कळलावी हिच्यातही हे द्रव्य असते. टेक्ससमधील बीस्ली याने आशियाई देशी कापूस आणि अमेरिकेतील रानटी कापूस यांचा संकर केला, त्या वांझ झाडाची गुणसूत्रे कोल्चिसिनने दुप्पट केली, आणि ५२ गुणसूत्रांचे, अमेरिकन कापसाशी जुळणारे झाड मिळविले. १९४० साली ते प्रसिद्ध झाले. मनुष्य शेती करू लागण्याच्या फार पूर्वी निसर्गात हेच केव्हातरी घडले होते. म्हणजे बुरी या नावाने वऱ्हाडात आलेला परदेशी कापूस आपल्या देशी कापसाचा दूरचा सगा निघाला.

१९७० साली सुरत येथे डॉ. चं. ठा. पटेल यांनी एच-४ हा कापसाचा संकर वाण दिला. व्यापारी लागवडीसाठी निघालेला जगातला हा पहिला संकरित कापूस होय. १९७२ साली धारवाडहून वरलक्ष्मी आला. अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ साली स्थापन झाले होते. तेथूनही संकरित वाण निघाले. ही सर्व किमया एका कामावर उभी आहे, आणि ते काम पुस्तकांत दोन ओळींत उरकले जाते. संध्याकाळी, उद्या उमलणाऱ्या कळीतला नरभाग बोटांच्या नखांनी अलगद काढून टाकायचा, स्त्रीकेसराला इजा होऊ द्यायची नाही; दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाच्या फुलातले पराग त्यावर लावायचे; खूण बांधायची. एकेका फुलाला असे, आणि प्लॉटवर फुले हजारोंनी. हे काम बहुतेक बायका आणि मुली करीत आल्या आहेत. उन्हात वाकून, रोजावर. संकरित बियाण्याच्या पाकिटात जी किंमत भरलेली असते तिच्यातला त्यांचा हिस्सा किती, हा प्रश्न आमच्या चळवळीने अनेकदा मांडला आहे.

असे संकरित बी पेरले की सगळी झाडे एकसारखी आणि जोमदार येतात. पण त्यांची सरकी राखून दुसऱ्या वर्षी पेरली तर मेंडेलचा हिशेब सुरू होतो. जोडीजोडीने वाटणी होऊन झाडे नाना तऱ्हांची निघतात, पहिला जोम ओसरतो. म्हणून बी दरवर्षी विकत घ्यावे लागते. २००१ साली आपल्या देशात वाणांच्या संरक्षणाचा व शेतकऱ्यांच्या हक्कांचा कायदा झाला. आपल्या शेतातले बी राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदलीचा आणि कंपनीच्या नावाशिवाय विकण्याचाही हक्क शेतकऱ्याला त्याने दिला. हा हक्क मोलाचा आहे. पण संकरित कापसापुरता तो कागदावर राहतो. कायद्याने दिलेले अर्धसूत्री विभाजन काढून घेते, आणि त्याविरुद्ध कोणत्याही न्यायालयात दाद मागता येत नाही. सरळ वाणांची गोष्ट वेगळी. त्यांतील जोड्या सारख्याच असल्याने वाटणीत भेद पडत नाही आणि घरचे बी चालते. हा फरक ज्याला कळला तो बियाण्याच्या दुकानात वेगळ्या रीतीने बोलतो.

मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला सरकारी मान्यता मिळाली. एका जिवाणूचे जनुक कापसाच्या गुणसूत्रात बसविलेले. त्यामुळे झाडातच बोंडअळीला मारक प्रथिन तयार होते. २००६ साली दोन जनुकांचे वाण आले. आपल्या देशात हे जनुक प्रामुख्याने संकरित वाणांतून आले. कित्येक संकरांत ते एकाच जनकाकडून आलेले, म्हणजे जोडीतल्या एकाच गुणसूत्रावर असते. झाड संपूर्ण बीटी. पानापानात प्रथिन आहे. पण त्या झाडाच्या बोंडात सरकी तयार होते ती वाटणीनंतर. एक जनुक असेल तर चार सरक्यांत एक बीटीविना निघेल. दोन जनुके वेगवेगळ्या गुणसूत्रांवर असतील तर सोळा सरक्यांत नऊंमध्ये दोन्ही, तिहींत पहिले, तिहींत दुसरे आणि एकीत काहीच नाही. बोंडात तीसेक सरक्या धरल्या तर सरासरीने दोन सरक्या निर्धास्त खाण्याजोग्या. आणि गुलाबी बोंडअळी तर सरकीच खाते! कमी-अधिक मात्रेचे विष तिला एकाच बोंडात चाखावयास मिळते आणि त्यातून तगणाऱ्या अळ्यांची पैदास वाढते, असे कित्येक कापूसशास्त्रज्ञांचे मत आहे. लांब मुदतीचे वाण, कडेला बिगर-बीटी ओळी न लावणे ही कारणेही तितकीच खरी. २०१७ च्या हंगामात विदर्भात या अळीने जो कहर केला तो येथे बसलेल्या पुष्कळांनी आपल्या शेतात पाहिला आहे.

येथेच एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. चीनमध्ये यांगत्से नदीच्या खोऱ्यात शेतकऱ्यांनी संकराच्या दुसऱ्या पिढीचे बी पेरले. तेथे चारांतले एक झाडच बीटीविना निघाले, त्यांवर साध्या अळ्या जगल्या, विषाला न जुमानणाऱ्या अळ्यांशी त्यांचा संकर झाला आणि प्रतिकारशक्ती मागे हटली, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. तोच तिनास एक. बोंडात पडला तर एक परिणाम, रानात पडला तर दुसरा. म्हणून आम्ही म्हणतो की, या प्रश्नावर केवळ घोषणांनी भागत नाही. २०१९ च्या जूनमध्ये आपल्या शेजारच्या अकोट तालुक्यात अकोली जहाँगीर येथे शेतकऱ्यांनी मान्यता नसलेले तणनाशक-सहनशील बी जाहीरपणे पेरले. त्यावर दोन्ही बाजूंनी फार बोलले गेले. निंदणाचा खर्च वाचेल असे शेतकरी म्हणाले. निंदणावर पोट असलेल्या बायकांचे काय, असे आम्ही विचारतो. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण जनुक म्हणजे काय आणि ते पुढच्या पिढीत कसे वाटले जाते, हे ज्यांना ठाऊक आहे असे किती जण त्या वादात होते?

ते ठाऊक करून देण्याची जागा म्हणजे अकरावी-बारावीचा वर्ग. तेथे आज काय चालते? आमच्या ओळखीच्या एका घरी बारावीतली मुलगी विभाजनाच्या अवस्था पाठ म्हणत होती; प्रोफेज, मेटाफेज, ॲनाफेज, टेलोफेज, सारे बिनचूक. आम्ही विचारले, “बाई, घरची सरकी दुसऱ्या साली का पेरीत नाहीत?” ती थांबली. उत्तर चुलीपाशी बसलेल्या आईने दिले. ती बीजोत्पादनाच्या प्लॉटवर कामाला जाणारी. म्हणाली, “थे एकसारखं निंगत नाही, भाऊ. कोनतं झाड मायवर जाते, कोनतं बापावर.” मेंडेलचा सिद्धांत आईला ठाऊक होता, अवस्थांची नावे लेकीला, दोघींची गाठ त्या घरात पडली नव्हती. यात मुलीचा दोष नाही, शिक्षकांनाही आम्ही दोष देत नाही. परीक्षा नावे विचारते, म्हणून नावे शिकविली जातात.

पाठांतर किती फसवू शकते याचा दाखला शास्त्राच्याच इतिहासात आहे. १९२३ साली पेंटर नावाच्या शास्त्रज्ञाने माणसाची गुणसूत्रे ४८ असल्याचे प्रसिद्ध केले. पुढे तीस वर्षांहून अधिक काळ जगभरच्या पुस्तकांत तोच आकडा राहिला, आणि ज्यांनी मोजली त्यांनाही ४८ च दिसली. १९५५ च्या डिसेंबरात स्वीडनमध्ये त्यो आणि लेवान यांनी चांगल्या तंत्राने मोजली तेव्हा ती ४६ भरली. १९५६ साली ते छापून आले. पुस्तकातला आकडा डोळ्यांवर असा अंमल करतो.

तेव्हा करावे काय? आमचे म्हणणे साधे आहे. कांदा पाण्याच्या पेल्यावर ठेवला की दोन-चार दिवसांत मुळे फुटतात. मुळाचे टोक कापून, ॲसिटोकार्मिनचा रंग देऊन, काचेखाली अंगठ्याने दाबले की साध्या सूक्ष्मदर्शकातून १६ गुणसूत्रांची ओढाताण दिसते. पऱ्हाटीची गुणसूत्रे बारीक, ती अशी सहजी दिसत नाहीत. म्हणून पाहण्यासाठी कांदा आणि समजण्यासाठी पऱ्हाटी. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने बीटी ओळखण्याच्या पट्ट्या तयार केल्या आहेत. एका बोंडातली एकेक सरकी विद्यार्थ्यांनी त्या पट्टीने तपासावी, सगळ्या वर्गाचे आकडे फळ्यावर एकत्र लिहावेत, आणि मग मेंडेलचा धडा उघडावा. आणि प्लॉटवर काम करणाऱ्या एखाद्या बाईला एक दिवस वर्गात बोलावून, त्या दिवसाचा रोज देऊन, फुलातला नरभाग कसा काढतात ते तिच्या हातून मुलांना पाहू द्यावे. या शेवटच्या कामासाठी शिक्षण खात्याचा हुकूम लागत नाही, आणि पट्ट्यांचा खर्च गावाने वर्गणी करून भागविण्याइतका आहे.

हिवरखेडच्या पंचक्रोशीत डॉक्टर होण्याची इच्छा धरून जीवशास्त्र घेणारी मुले पुष्कळ आहेत. त्यांतली थोडी डॉक्टर होतील. बाकीची बहुतेक शेती, मजुरी, दुकान किंवा नोकरी यांत जातील, आणि त्यांच्यापैकी कित्येकांना मृगाच्या तोंडाशी बियाण्याच्या दुकानात उभे राहावे लागेल. पाकिटावरचे नाव वाचून त्यांनी दुकानदारास विचारावे की हा वाण सरळ की संकरित, आणि याच्या बोंडातली सरकी कशी वाटली जाणार आहे. हा प्रश्न विचारणारा गिऱ्हाईक दर गावी पाच-दहा जरी निघाले, तरी बियाण्याच्या बाजारात आज एकाच बाजूला असलेले ज्ञान दुसऱ्या बाजूलाही थोडे येईल. येत्या हंगामात दिवाळीच्या सुमारास बोंडे फुटतील तेव्हा येथील शाळांनी हा प्रयोग करावा, अशी आमची या सभेस विनंती आहे. पट्ट्यांच्या वर्गणीत आमच्या संघटनेचा हिस्सा आम्ही आजच देतो.